रूल्सची चीटशीट कामाची की नुसती देखणी?

यावेळच्या पत्रांमध्ये टेबलटॉप रोलप्लेइंगवालेच जास्त निघाले, म्हणून हे सदर पूर्ण त्यांच्याच नावाने. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीचे आपापलं पात्र सांभाळणारे, कोण काय करते ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. रूल्सची पुस्तकं जाडजूड, म्हणून लोकं चीटशीट, स्क्रीन (डीएमसमोर उभा करायचा पुठ्ठ्याचा पडदा, आतून रूल्स छापलेला), कार्ड, पीडीएफ असं काय काय जवळ ठेवतात. त्यातलं कामाचं किती, यावरच सगळी पत्रं आहेत.

प्रश्न: नमस्कार दादा. आम्ही पाच मित्र रविवारी माझ्या घरी डी अँड डी खेळतो, २०१४ वाली पाचवी एडिशन. आमच्यातल्या एकाने भल्ली मेहनत घेऊन चाळीस पानांचा रूल्स रेफरन्स बनवला, कलर प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, चॅप्टरप्रमाणे रंगीत टॅब, सगळं. दिसायला एक नंबर. सगळे कौतुक करतात पण खेळताना कोणी त्याला हात लावत नाही, मोबाईलवर शोधत बसतात नाहीतर मला विचारतात, मी डीएम आहे ना. आता तो म्हणते तुम्हाला वापरता येत नाही, बाकीचे म्हणतात वहीच कामाची नाही. हे ठरवायचं कसं?
(एक वाचक, प्रताप नगर)

उत्तर: कोणी उघडतच नाही म्हणजे वही कामाची नाही, एवढं तर इथे बसून सांगता येते. ज्या वस्तूचा वापर आधी शिकवावा लागते ती टेबलावर टिकत नाही, तिथे तेवढी फुरसतच नसते. पण तुमच्या मित्राचं नेमकं कुठे गंडलं ते बघण्यासारखं आहे, कारण रेफरन्स बनवणारे दहापैकी आठ जण हेच करतात. त्याने पुस्तकाचं छोटं पुस्तक बनवलं. चॅप्टर तेच, क्रम तोच, फक्त पानं कमी.

आता खेळात काय होते बघा. गॉब्लिन, म्हणजे एक छोटा राक्षस, विहिरीच्या काठावर उभा आहे, तुमचा फायटर म्हणते "मी याला धरतो अन् विहिरीत लोटतो". एका दमात बोलून मोकळा झाला. आता २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये याचं उत्तर शोधा. धरणं आणि लोटणं, म्हणजे ग्रॅपल आणि शव्ह, नवव्या चॅप्टरमध्ये, लढाईच्या. दोघांचे रोल एकमेकांसमोर कसे लावायचे ते सातव्यात. धरलेल्याचं पुढे काय होते ते पार मागे, अपेंडिक्समध्ये कंडिशन्सच्या, म्हणजे पात्राच्या अवस्थांच्या, यादीत. आणि पडल्यावर किती लागते, म्हणजे दर १० फुटांना एक डी६ (सहा बाजूंचा फासा), जास्तीत जास्त वीस डी६, आणि लागलं तर वरून प्रोन म्हणजे आडवं पडणं, हे आठव्यात, अंधार-उजेड अन् प्रवासाच्या शेजारी. चार जागा झाल्या. पुस्तकाला मी नावं ठेवत नाही, ते शिकायला आहे, घरी पंख्याखाली बसून वाचलं तर हाच क्रम बरोबर वाटते. पण टेबलावर चार वेळा पानं उलटेपर्यंत बाकीच्या तिघांनी इन्स्टाग्राम उघडलेलं असते आणि मग गॉब्लिन मेला काय अन् राहिला काय, कोणाला काही पडलेलं नसते.

तर तुमच्या मित्राच्या वहीत हे चार तुकडे एका जागी आले आहेत का ते बघा. टॅब चॅप्टरप्रमाणे आहेत म्हणता, म्हणजे बहुतेक नाही. लपण्याचंही तसंच, लपायचा रोल सातव्यात, किती अंधार असला तर लपता येते ते आठव्यात, आणि न दिसणाऱ्याने वार केला तर काय मिळते ते नवव्यात, तीन चॅप्टर फिरा अन् मग चोरट्या पात्राला, म्हणजे रोगला (Rogue), सांगा की बाबा रोल कर. वही चांगली म्हणायची तर "मी लपतो" इतकं ऐकून एकाच ठिकाणी बोट ठेवता आलं पाहिजे. टॅबवर चॅप्टरचं नाव नको, खेळणारा जे करायला निघाला आहे ते पाहिजे: धरणं-लोटणं, लपणं, पडणं, मरायला टेकणं, अंधार, आडोसा.

हे झालं मांडणीचं. पण मांडणी बघून सगळं कळत नाही, त्यासाठी येत्या चार-पाच रविवारी टेबलावर एक साधा कागद ठेवा. डीएमने लिहायचं नाही, तुमचे हात आधीच भरलेले असतात, ज्याची पाळी गेली आहे त्याने लिहायचं. प्रश्न ज्याने विचारला त्याच्याच शब्दात, उत्तर कुठून आलं, वहीतून की मोबाईलवरून की तुम्ही अंदाजाने दिलं, आणि साधारण किती वेळ खेळ थांबला. मग घरी गेल्यावर एकाने पुस्तक उघडून ते उत्तर बरोबर होतं का ते तपासायचं. हे शेवटचं काम कोणी करत नाही आणि सगळ्यात मोठी माहिती तिथेच आहे. ज्या वहीत उत्तर सापडत नाही ती फक्त वेळ खाते, ज्या वहीत चटकन सापडते पण चुकीचं सापडते ती पूर्ण कँपेन वाकडी करते, कारण छापलेलं दिसलं की कोणी वाद घालत नाही.

कागद भरला की दिसेल की तेच ते प्रश्न फिरून फिरून येत आहेत. मार लागला, चालू स्पेलवरची (मंत्रावरची) कॉन्सन्ट्रेशन टिकली का? कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे तब्येतीच्या जोरावर बचावाचा रोल, गाठायला १० किंवा झालेल्या डॅमेजच्या अर्ध्याइतका आकडा, जो मोठा असेल तो. खांबाच्या मागे अर्धा लपला तर काय? एसीला, म्हणजे वार लागायला जो आकडा गाठावा लागते त्याला, अधिक २, जवळपास पूर्ण आड असेल तर अधिक ५. पडल्या-पडल्या डेथ सेव्हमध्ये, म्हणजे जगतो की मरतो त्या रोलमध्ये, वीस आला तर? एक हिट पॉइंट (जीव मोजायचा आकडा) घेऊन शुद्धीवर. हे असले प्रश्न पहिल्या दोन पानांत मोठ्या अक्षरात पाहिजे. आणि कागदावर जे एकदाही आलं नाही ते काढा. चिलखतांच्या किमती, नवीन पात्र बनवण्याच्या पायऱ्या, लेव्हल वाढल्यावर काय मिळते, हे दोन सेशनच्या मधल्या दिवसांतलं काम आहे, त्याला पुस्तक आहेच. क्लासची (पात्राच्या पेशाची) खास ताकद ज्याची त्याच्या कॅरॅक्टर शीटवर. स्पेल ज्याचे त्याच्याजवळ कार्डांवर, कारण फायरबॉलची त्रिज्या २० फूट अन् डॅमेज ८ डी६ हे विझार्डला कळलं म्हणजे झालं, बार्बेरियनच्या वहीत त्याचं काम काय? चाळीस पानांतून तीस तर अशीच निघतील. मित्राला जरा जपून सांगा.

आता घड्याळाची परीक्षा. त्या कागदावरचे दहा प्रश्न घ्या, ग्रुपमधल्या सगळ्यात नव्या पोट्ट्याच्या हातात वही द्या आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. अर्ध्या मिनिटात नाही सापडलं तर नाही सापडलं असंच लिहायचं, "आता मिळालंच होतं" चालणार नाही. वही बनवणाऱ्याला ही परीक्षा देऊ नका, त्याने स्वतः ठेवलेलं असते, त्याला अंधारातही सापडेल. अर्धं मिनिट हा आकडा काही कुठल्या पुस्तकातला नाही, पण त्याच्या पुढे गेलं की डीएमला स्वतःच निकाल देणं सोपं पडते, म्हणजे वही हरली.

शेवटचं आणि मला वाटते सगळ्यात नाजूक, वाक्य किती छाटायचं. बरेच जण असं लिहितात: "प्रोन: जवळून अॅडव्हान्टेज, दुरून डिसअॅडव्हान्टेज". कोणाला? पडलेल्याला की मारणाऱ्याला? (अॅडव्हान्टेज म्हणजे वीसचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, डिसअॅडव्हान्टेज म्हणजे छोटा.) बरोबर असं आहे की पडलेल्यावर ५ फुटांच्या आतून वार करणाऱ्याला अॅडव्हान्टेज, लांबून करणाऱ्याला डिसअॅडव्हान्टेज, पडलेल्याच्या स्वतःच्या वारांना डिसअॅडव्हान्टेज, आणि उठायला अर्धा स्पीड खर्च. चार गोष्टी आहेत, चार ओळी द्या, जागा वाचवायला जाल तर दर वेळी तोच वाद. ग्रॅपलचं उलट आहे, तिथे लोकं नसलेलं जोडतात. २०१४ मध्ये धरलेल्याचा फक्त स्पीड शून्य होते, त्याला मारायला कोणाला अॅडव्हान्टेज-बिडव्हान्टेज मिळत नाही, ते रिस्ट्रेन्ड म्हणजे जखडलेल्याचं आहे. पण अर्ध्या टेबलांवर मिळते असं धरून खेळतात. म्हणून चांगल्या वहीत "हे होत नाही" हेही एका ओळीत लिहिलेलं असते, आणि मला तरी वही पारखताना हीच ओळ आधी शोधायची सवय आहे, ती असली की समजायचं बनवणारा खरंच टेबलावर बसलेला माणूस आहे.

प्रश्न: पीडीएफ टॅब्लेटवर ठेवावी की कागदच बरा? आमचा डीएम कागदावर अडून बसला आहे, म्हणतो मोबाईल दिसला की उचलून बाहेर ठेवीन. मी मात्र मोबाईलवर त्याच्यापेक्षा लवकर शोधते, पैज लावून. आणि रेडीमेड डीएम स्क्रीन घ्यावी का?
(एक वाचिका, धरमपेठ)

उत्तर: पैज तुम्ही जिंकाल, पण कोणत्या प्रश्नावर लावता त्यावर आहे. नाव माहीत असलं तर मोबाईलच लवकर सापडवते. स्पेलचं नाव, राक्षसाचं नाव, टाइप केलं की समोर. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाच्या दुसऱ्या एडिशनमध्ये तर मी कागदाचा हट्ट कधीच करणार नाही, तिथे एकेका वाराला तीन-चार ट्रेट (नियमांची लेबलं) चिकटलेले असतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळ्या जागी, ते सगळे रूल्स आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर फुकट आणि एकमेकांना लिंक करून ठेवले आहेत, बोट लावलं की उघडते.

पण नाव माहीत नसलं की सर्च आंधळा. "याच्या डोळ्यात माती फेकली तर?" हे कोणत्या शब्दाने शोधणार? तिथे समोर पसरलेला एक कागद, ज्यावर सगळ्या कंडिशन्स एका नजरेत दिसतात (२०१४ मध्ये त्या पंधरा आहेत, बसतात एका पानाच्या दोन बाजूंना), जास्त कामाचा. नजर फिरवली की ब्लाइंडेड दिसते, अन् प्रश्न सुटते. शिवाय कागद मधात ठेवला की सगळ्यांना दिसते, मोबाईल एकालाच. म्हणून माझा हिशोब सरळ आहे, सगळ्यांना लागणारं कागदावर, एकट्याला लागणारं मोबाईलवर. डीएमसाहेबांना हे सांगून बघा.

आता कागदाबद्दल एक नागपुरी सूचना जी बाहेरचा कोणी देणार नाही. एप्रिल-मेमध्ये कूलरसमोर बसून खेळणार असाल तर सुटे कागद म्हणजे नुसता वैताग. एक तर उडतात, त्यांच्यावर फासे ठेवा, मग फासे पाहिजे असतात. दुसरं म्हणजे खसाच्या ओल्या हवेने साधा ए-फोर संध्याकाळपर्यंत पापडासारखा नरम होते आणि पेन्सिलने काही लिहायला गेलं की फाटते. लॅमिनेशन करा, पण झेरॉक्सवाल्याला मॅट फिल्म मागा, चकचकीत केलं तर ट्यूबलाइट बरोबर त्या ओळीवर चमकते जी वाचायची आहे. आणि अक्षर बारा पॉइंटच्या खाली नको. टेबलाच्या पलीकडून उलटं वाचता आलं पाहिजे, कारण निम्मे लोकं पलीकडेच बसलेले असतात.

रेडीमेड डीएम स्क्रीनबद्दलही तुम्ही शेवटी विचारलं आहे. घ्यायची तर आडवी घ्या, उभी स्क्रीन डीएम आणि प्लेयरच्या मधात भिंत होते आणि तोंड दिसत नाही. बाकी आतल्या बाजूला काय छापलं आहे त्याचा फोटो बघून, आपल्या प्रश्नांच्या कागदाशी ताडून, मगच पैसे द्या. नाहीतर पुठ्ठा अन् क्लिपा झिंदाबाद, दर महिन्याला पान बदलता येते.

प्रश्न: दादा आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपमध्ये तिघांनी डी अँड डीचं २०१४ चं पुस्तक वाचलं आहे अन् दोघांनी २०२४ चं, सुधारलेलं. प्रत्येक सेशनला एकदा तरी "हे असं नाहीये बे" होतेच. असा एखादा रेफरन्स आहे का ज्यात दोन्ही असेल? अन् एआयला विचारलं तर चालते का, तो तर लगेच सांगते.
(एक विद्यार्थी, बजाज नगर)

उत्तर: दोन्ही असलेला रेफरन्स मागूच नको बे. मागितला तर मिळेल, पण एकाच पानावर दोन उत्तरं म्हणजे वाद संपायच्या ऐवजी त्याला पुरावे मिळतात. आधी एक वर्ष ठरवा, मग शीटच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ते वर्ष मोठं छापा. कोणती निवडायची त्याचं मला काही पडलेलं नाही, दोन्ही खेळायला मस्त आहेत.

फरक दिसायला छोटे आहेत म्हणूनच गोंधळ होते. पोशन म्हणजे जादूचं औषध प्यायला २०१४ मध्ये पूर्ण अॅक्शन जाते, २०२४ मध्ये पाळीतली छोटी जादा कृती, म्हणजे बोनस अॅक्शन. ग्रॅपलला आधी दोघांचे रोल समोरासमोर, आता समोरच्याचा स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी सेव्ह. अचानक हल्ला झाला तर आधी पहिली पूर्ण पाळी वाया, आता फक्त इनिशिएटिव्हला (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या रोलला) डिसअॅडव्हान्टेज. एक्झॉशनच्या (थकव्याच्या) सहा लेव्हल दोन्हीकडे आहेत आणि सहाव्याला मरणही दोन्हीकडे, पण आधी प्रत्येक लेव्हलचा त्रास वेगळा होता, तो पाठ करावा लागायचा, आता दर लेव्हलला डी२० च्या रोलमधून २ वजा आणि स्पीड ५ फुटांनी कमी, झालं. काउंटरस्पेल, म्हणजे समोरच्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल, तो पण बदलला, आता समोरचा स्पेल टाकणारा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करते. नाव तेच, आत वेगळं, म्हणून जुनं पाठ असलेला माणूस नव्या टेबलावर पूर्ण खात्रीने चुकीचं सांगते.

रेफरन्स म्हणून तोलायचं झालं तर २०२४ च्या पुस्तकाने एक काम भारी केलं आहे, मागे रूल्सचा ग्लॉसरी दिला, ए टू झेड, आणि नावाशेजारी ही अॅक्शन आहे की कंडिशन आहे की काय ते कंसात लिहिलं. जुन्यापेक्षा शोधायला कितीतरी सोपं. पण ए टू झेडचा तोच लोचा जो वरच्या पत्रात सांगितला, शब्द आधी माहीत पाहिजे. नव्या पोट्ट्याला विहिरीत लोटणं हे अनआर्म्ड स्ट्राइकखाली सापडेल हे कसं सुचणार? म्हणजे ग्लॉसरी असली तरी "काय करायचं आहे" वाली एक पानी शीट वरून लागतेच.

एआयचं म्हणशील तर सेशनच्या आधी घरी विचार, खुशाल, समजून घ्यायला चांगलं आहे. टेबलावर माझा विरोध आहे आणि त्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे. तो २०१४ आणि २०२४ चं एकाच परिच्छेदात मिसळून देऊ शकते, इतक्या गोड भाषेत की शंका येत नाही. चांगल्या रेफरन्सवर बोट ठेवून "हे बघ, या पानावर" म्हणता येते. इथे काय दाखवणार? दाखवायचं झालं तर पुन्हा पुस्तकच उघडायचं.

प्रश्न: आम्ही डी अँड डी नाही, कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा रोलप्लेइंग खेळ खेळतो, सातवी एडिशन. आम्हाला चीटशीटची कधी गरजच पडत नाही. आम्ही काही चुकतो आहोत का?
(एक वाचक, महाल)

उत्तर: अजिबात नाही, उलट तुमचं उदाहरण वरच्या सगळ्यांना दाखवायला पाहिजे. तिथे स्किलचा आकडा शंभरात, तेवढा किंवा त्याच्या खाली रोल आला की जमलं. हार्ड सक्सेसला निम्म्याच्या आत, एक्स्ट्रीमला पाचव्या हिश्शाच्या आत. आता ६५ चा पाचवा हिस्सा अंधाऱ्या तळघरात राक्षस समोर असताना कोण काढत बसेल? म्हणून तुमच्या कॅरॅक्टर शीटवर प्रत्येक स्किलच्या शेजारी अर्ध्याची आणि पाचव्या हिश्शाची चौकट आधीच आहे, ६५, ३२, १३, एकदा लिहिलं की विषय मिटला. रेफरन्स वेगळा राहिलाच नाही, ज्या कागदाकडे तुम्ही तसेही बघणार त्याच कागदात तो गेला. डी अँड डीवाल्यांनी हे उचलावं, विझार्डने स्वतःच्या शीटच्या कोपऱ्यात "मार लागला की कॉन्सन्ट्रेशन, १० किंवा अर्धं" एवढं लिहून ठेवलं तर टेबलावरच्या वहीतून एक ओळ कमी.

मांडणीचाच विषय निघाला म्हणून, ओल्ड स्कूल एसेन्शियल्स नावाचं रूल्सचं पुस्तक कोणाला मिळालं तर चाळून बघा. रूल्स डी अँड डीच्या १९८१ च्या जुन्या बेसिक-एक्स्पर्ट सेटचेच, पण एक विषय समोरासमोरच्या दोन पानांत बसवायचा असं धोरण आहे, पान उलटायला लागू नये म्हणून. तो खेळ नाही खेळला तरी आपली शीट कशी बनवायची ते कळते.

प्रश्न: आम्ही डी अँड डीची मराठी चीटशीट बनवली आहे. बाकीच्या ग्रुपना वाटली तर कायद्याचं काही होते का? फुकटच देणार आहोत.
(तिघी मैत्रिणी, लक्ष्मी नगर)

उत्तर: कशावरून बनवली ते बघा. जानेवारी २०२३ मध्ये डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने एसआरडी ५.१ नावाचं रूल्सचं डॉक्युमेंट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० लायसन्सवर सोडलं, आणि नव्या रूल्सचं ५.२ एप्रिल २०२५ मध्ये. त्यातला मजकूर वापरा, भाषांतर करा, वाटा, विकलं तरी चालते, अट एकच की श्रेय द्यायचं, आणि ते कोणत्या शब्दात द्यायचं ते डॉक्युमेंटमध्येच लिहून दिलं आहे, ते खाली छापा आणि तुम्ही बदल केले आहेत असंही लिहा. पण पुस्तकात आहे ते सगळं एसआरडीत नाही. प्रत्येक क्लासची एकच सबक्लास (पोटशाखा) तिथे आहे, बिहोल्डर या राक्षसाचं वर्णन-आकडे नाहीत. तुमच्या शीटमध्ये कंडिशन्स, अॅक्शन, कव्हर (आडोसा) एवढंच असेल तर बिनधास्त. पुस्तकाची पानं स्कॅन करून चिकटवली असतील तर ती काढा.

आणि शीटवर मूळ इंग्रजी नावं ठेवा बरं, ग्रॅपलला ग्रॅपलच. सांगणं मराठीत, नाव तेच. नाहीतर शीटवरून पुस्तकात जायचा रस्ताच बंद होते. तुम्ही पाठवलेला नमुना बघितला, आडोशाची आकृती फार छान काढली आहे, खांबामागचा माणूस लगेच कळते, मात्र डेथ सेव्हमध्ये १ आला तर दोन फेल मोजायचे हे राहिलं आहे, तेवढं टाका.

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे. सुट्टीत तिच्या मैत्रिणींसोबत तिच्या मामेभावाने हा खेळ सुरू करून दिला आहे. त्याने प्रत्येकीला दहा-दहा पानांचे प्रिंट दिले. पोरी ते बघूनच कंटाळल्या. मला यातलं काही कळत नाही, पण हे जास्त नाही का होत?
(एक आई, मानेवाडा)

उत्तर: ताई, जास्तच होते. भाच्याला सांगा, प्रिंट परत घे. या वयात टेबलावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न रूलचा नसतेच, "कोणता फासा टाकू?" हा असते. तर अर्ध्या पानावर सहा फाशांची चित्रं काढा, चार बाजूंचा पिरॅमिडसारखा, नेहमीचा सहाचा, आठ, दहा, बारा आणि वीसचा, आणि प्रत्येकीच्या शस्त्राशेजारी तिचा फासा काढून द्या. बाकी काही करून बघायचं असलं की वीसचा फासा आणि शीटवरचा आकडा. ते सोपं होतं की अवघड ते भाच्याने ठरवायचं, त्याच्याजवळ १० सोपं, १५ मध्यम, २० अवघड एवढी पट्टी असली तरी महिनाभर पुरते. पोरी स्वतःहून "पण मग असं केलं तर?" विचारायला लागल्या की दुसरं पान द्या.

प्रश्न: आमच्यात एकजण आहे ज्याला सगळे रूल्स पाठ. डीएमने काही म्हटलं की हा पान नंबर सांगते. बरोबरच असते त्याचं, पण मजा जाते. चीटशीट आणली तर हा प्रकार कमी होईल की वाढेल?
(एक वाचक, गोकुळपेठ)

उत्तर: पहिले दोन-तीन सेशन वाढेल. त्याला अजून एक कागद मिळाला ना चुका काढायला.

मग एक करा, शोधायचं काम अधिकृतपणे त्यालाच द्या. डीएमने विचारलं तर शोधायचं, नाही विचारलं तर नाही, आणि अर्ध्या मिनिटात डीएमला उत्तर मिळालं नाही तर डीएम म्हणेल ते त्या दिवसापुरतं पक्कं. खेळ चालू असताना निकाल डीएमचाच, हे काही मी नव्याने सांगत नाही, डी अँड डीच्या पुस्तकांतही तेच आहे. राहिलेला प्रश्न वर सांगितलेल्या कागदावर लिहायचा आणि तपासून पुढच्या वेळी सांगायचं काम पुन्हा त्याचंच. असे लोकं शीट सुधारायला सोन्यासारखे असतात, कारण चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही, फक्त ती चूक त्यांनी बुधवारी ग्रुपवर टाकावी, रविवारी ड्रॅगन तोंड उघडून उभा असताना नाही. पान नंबरची हौस आहे म्हणता तर शीटवर प्रत्येक ओळीपुढे पान नंबर टाकायला त्यालाच बसवा. ते काम तसंही दुसरं कोणी करणार नाही.